रक्तसंसर्गातील संयुक्त प्रतिजैविक उपचार : एका युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

एका शत्रूवर दोन शस्त्रे चालविली तर विजय अधिक निश्चित होतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत कोणत्याही रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘दोन भारी इंजेक्शने सुरू केली आहेत’ हे वाक्य धीर देते. औषधांना दाद न देणारे जिवाणू रक्तात पसरले असता एकाऐवजी दोन प्रतिजैविके द्यावीत, या विचारामागील तर्क तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वैद्यकीय सल्ला देणे हा नव्हे.

मुंबईतील नोंद

या प्रश्नाची एक महत्त्वाची नोंद मुंबईतच झाली. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेम गटातील औषधांना न जुमानणारे आतड्यातील जिवाणूंच्या कुळातले २४ नमुने तपासले गेले. त्यांपैकी २२ नमुन्यांत ‘एनडीएम-१’ हे विकर आढळले. मार्च २०१० मध्ये हा अभ्यास भारतीय वैद्यांच्या संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्बापेनेम हा त्या वेळी गंभीर संसर्गातील अखेरचा भरवशाचा आधार होता. तो डळमळताच मूत्रपिंडाला अपायकारक म्हणून मागे पडलेले कोलिस्टिन पुन्हा वापरात आले, आणि ते एकटे पुरेल काय या शंकेतून त्याच्या जोडीला मेरोपेनेम देण्याची प्रथा पडली.

एक शब्द, तीन युक्तिवाद

‘संयुक्त उपचार’ या एका शब्दाखाली तीन भिन्न युक्तिवाद वावरतात, असे बारकाईने पाहता दिसून येते.

पहिला युक्तिवाद जाळे रुंद करण्याचा. जंतू कोणता हे कळण्याआधी रुग्ण दगावू नये म्हणून दोन औषधे दिली जातात. एक निष्प्रभ ठरले तर दुसरे लागू पडावे. हा युक्तिवाद ग्राह्य आहे, परंतु त्याची मुदत ब्लड कल्चरचा अहवाल येईपर्यंतच आहे.

दुसरा युक्तिवाद क्षयरोगाकडून आलेला. क्षयरुग्णाच्या फुप्फुसात जंतूंची संख्या अफाट असते आणि त्यांत एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच असतात; दोन औषधांना एकदम दाद न देणारा जंतू मात्र विरळा. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५० मध्ये स्ट्रेप्टोमायसिन व पीएएस यांच्या जोडीने हे दाखवून दिले. याची उलट बाजूही मुंबईने पाहिली. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ अखेरीस ज्या चार अतिप्रतिरोधी क्षयरुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतील तिघांना पूर्वी दुसऱ्या फळीतील औषधे एकेक करून, अनियमितपणे दिली गेली होती. परंतु हा पुरावा रक्तसंसर्गाला जसाच्या तसा लावता येत नाही. येथे उपचार महिन्यांचा नसून दिवसांचा असतो. शिवाय एनडीएम-१ सारखा प्रतिरोध उपचार चालू असताना उत्परिवर्तनाने उपजत नाही, तो प्लाझ्मिडवरील तयार जनुकाच्या रूपाने आलेला असतो. साधर्म्यानुमानाची ही मर्यादा तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला नवी नाही.

तिसरा युक्तिवाद परस्परपूरकतेचा. एनडीएम विकर बहुतेक बीटा-लॅक्टम औषधे फोडते, पण ॲझट्रिओनम त्याला फोडता येत नाही. मात्र त्याच जंतूंपाशी ॲझट्रिओनम फोडणारी इतर विकरे बहुधा असतात. सेफ्टाझिडिमसोबत दिले जाणारे ॲव्हिबॅक्टम त्या इतर विकरांना निकामी करते. येथे एक औषध दुसऱ्याची ढाल होते. जोडीला कारण आहे.

पुराव्याची तपासणी

कोलिस्टिन व मेरोपेनेम यांच्या जोडीची यादृच्छिक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ४०६ रुग्णांपैकी केवळ कोलिस्टिन घेणाऱ्यांत २८ दिवसांतील मृत्यू ४३ टक्के, तर जोडी घेणाऱ्यांत ४५ टक्के होते. बहुसंख्य रुग्णांत जंतू ॲसिनेटोबॅक्टर होता, त्यामुळे हा निष्कर्ष क्लेब्सिएलाला सरसकट लावता येणार नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०१७ च्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात रक्तसंसर्गाच्या अत्यवस्थ रुग्णांत जोडीमुळे मृत्यू कमी (६२ ऐवजी ४८ टक्के) आढळले. कमी धोक्याच्या रुग्णांत फरक दिसला नाही.

ॲझट्रिओनम व सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम यांचे चित्र निराळे आहे. २०२१ च्या १०२ रुग्णांच्या अभ्यासात ही जोडी घेणाऱ्यांत सुमारे १९ टक्के, तर इतर उपचार घेणाऱ्यांत सुमारे ४४ टक्के मृत्यू झाले. अभ्यास निरीक्षणात्मकच आहे. शिवाय भारतातील काही ई. कोलाय जंतूंत औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिनच बदललेले आढळते, त्यामुळे ही जोडीही प्रयोगशाळेत तपासूनच वापरावी लागते.

जोडी निरुपद्रवी असते हेही खरे नव्हे. मेथिसिलिन-प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकसच्या रक्तसंसर्गावरील २०२० च्या चाचणीत दुसरे औषध जोडल्याने मृत्यू घटले नाहीत. मूत्रपिंडाची इजा मात्र ६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेली.

निष्कर्ष

तात्पर्य, औषधांची संख्या हा गुण नव्हे. त्यांच्या एकत्र येण्यामागील कारण हा गुण होय. एका युक्तिवादाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर जमा करणे ही विचारातील चूक आहे आणि तिची किंमत रुग्णाचे मूत्रपिंड, कुटुंबाची बचत आणि शेजारच्या खाटेवरील रुग्ण मोजतो, कारण अनावश्यक औषधाने निवडले गेलेले प्रतिरोधी जंतू एका खाटेपाशी थांबत नाहीत. म्हणून नातेवाइकाने ‘किती औषधे चालू आहेत?’ याऐवजी ‘पहिल्या मात्रेपूर्वी ब्लड कल्चर घेतले होते काय, अहवाल काय आला, आणि त्यानंतर कोणते औषध थांबविले?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर वेळेत मिळायचे तर उपनगरातील प्रत्येक रुग्णालयाला सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा औषधाच्या कपाटाइतकीच जवळ असली पाहिजे. विज्ञान शाखेत सूक्ष्मजीव आणि कला शाखेत तर्क शिकविणाऱ्या आपणा प्राध्यापकांना हा प्रश्न एकाच वर्गात, एकत्र शिकविता येईल.