जबलपूर निकाल : खोट पहिल्याच विधानात

मित्रहो, मागच्या वेळी आपण आणीबाणीच्या घटनात्मक तरतुदी पाहिल्या. आज एकच निकाल वाचू : एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल, २८ एप्रिल १९७६. नाव जबलपूरचं असलं तरी प्रकरण आपल्यापासून दूरचं नाही. ‘मिसा’खाली डांबलेल्यांचे अर्ज ऐकता येतात, असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत नागपूर खंडपीठही होतं. आपल्या यवतमाळची माणसं दाद मागायला जातात, तेच.

सरकारचा युक्तिवाद असा. व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे कलम २१. त्यासाठी कोर्टात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींनी २७ जून १९७५ ला स्थगित केला. म्हणून अर्जच चालत नाही. तर्कशास्त्राच्या पेपरात आम्ही याला पूर्ण गुण दिले असते. निष्कर्ष नीट निघतो हो, खोट आहे ती पहिल्याच विधानात.

न्या. खन्ना तिथेच अडले. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाला डांबू नये, हे तत्त्व घटनेच्या आधीपासूनचं. मग ते कलम २१ ने दिलेलं दान कसं? सुनावणीत त्यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर इलाज नाही, असं उत्तर आलं. ज्या विधानातून हे निघतं, ते विधानच टाकून द्यायला हवं होतं. रे, बेग, चंद्रचूड, भगवती या चौघांनी ते ठेवलं.

आम्हाला त्याहून खटकतो तो न्या. बेग यांचा शेरा. सरकार स्थानबद्धांची जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतं, असं त्यांनी लिहिलं! अहो, तुरुंगात भाकरी बरी मिळते का, हा प्रश्नच नव्हता. मला का पकडलं, हे कैद्याने कोर्टामार्फत विचारायचं की नाही, हा होता. पालकाला जाब विचारत नाहीत, म्हणून तर राज्यसंस्थेला पालक म्हणायची घाई असते.

पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ ची दारं आणीबाणीतही उघडी ठेवली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात जबलपूरचा निकाल रद्द झाला. चांगलंच झालं, पण ४१ वर्षांनी तसं म्हणायला कुणाला काही गमवावं लागत नाही. खन्नांचं सरन्यायाधीशपद गेलं होतं.

आणि खटल्याशिवाय डांबायला आणीबाणी लागतेच, असंही नाही. महाराष्ट्राचा १९८१ चा ‘एमपीडीए’ कायदा शांततेच्या काळातही माणसाला बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू देतो. त्याचा आधार कलम २२ मध्ये आहे. पुढच्या व्याख्यानाला येताना ते वाचून या.