शिकारकथेत घर कुठे असतं?

आजचा विषय पाहून कुणालाही प्रश्न पडेल, की आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हौसेच्या शिकारीचा धंदा आणि छंद दोन्ही बंद झाले, मग आता ही चर्चा कशाला? शिकार थांबली हे खरं, पण शिकारकथा काही थांबली नाही. ती आजही आवडीनं वाचली जाते. आणि घरच्या माणसांना मागे ठेवून आपल्या आनंदासाठी रानात जाणारा माणूस, तोही काही संपलेला नाही. फक्त त्याच्या हातात आता बंदुकीऐवजी दुसरं काहीतरी असतं. म्हणून आज आपण एकच प्रश्न घेऊन काही ग्रंथ वाचून बघू. शिकारीच्या गोष्टीत शिकाऱ्याचं घर कुठे असतं?

सुरुवात कौटिल्यापासून करू. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. कामातून निघणारी चार व्यसनं: शिकार, जुगार, स्त्री आणि मद्य. तिथे पिशुन नावाच्या आचार्यांचं मत आधी दिलंय. ते म्हणतात, जुगारापेक्षा शिकार वाईट. का? तर चोर, शत्रू, हिंस्र जनावर, वणवा, ठेच लागून पडणं, दिशा चुकणं, तहान, भूक, जिवावरचं संकट, हे सगळं शिकारीत आहे. कौटिल्याला हे पटत नाही. तो म्हणतो, जुगारच जास्त वाईट, कारण शिकारीत निदान व्यायाम तरी होतो. कफ, पित्त, मेद झडतो, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम धरायचा सराव होतो, जनावराच्या मनात काय चाललंय ते ओळखता येतं.

वाद चांगला आहे. पण बघा, दोन्ही बाजूंनी मांडलेला नफा-तोटा एकट्या शिकाऱ्याच्या अंगाचा आहे. एक म्हणतो तू मरशील, दुसरा म्हणतो तू तगडा होशील. राजा आठ दिवस रानात असताना वाड्यावर काय चालतं, ह्याचा ह्या यादीत एक शब्द नाही. छंदाबद्दलचे आपले आजचे वादसुद्धा पुष्कळदा असेच असतात. तब्येतीला बरं की वाईट, एवढ्यावर येऊन थांबतात.

आता हीच यादी नाटकात गेल्यावर तिचं काय होतं ते पाहू. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती येतो आणि शिकारीचं कौतुक करतो. पोट उतरतं, अंग हलकं होतं, भ्यालेल्या नि चवताळलेल्या जनावराचा स्वभाव कळतो, आणि लोक उगाच शिकारीला व्यसन म्हणतात. म्हणजे जवळजवळ कौटिल्याचाच युक्तिवाद. पण त्याच अंकाची सुरुवात कालिदासानं कुणाच्या तोंडून केलीय? विदूषकाच्या. आणि तो अगदी वैतागलेला आहे. भर उन्हात ह्या रानातून त्या रानात, पानं कुजून कडवट झालेलं ओढ्याचं पाणी, वेळी-अवेळी भाजलेलं मांस, घोड्यावर बसून खिळखिळे झालेले सांधे, रात्री झोप नाही, आणि पहाटे डोळा लागावा तर पारध्यांचा कोलाहल. हौस एकाची आणि हाल दुसऱ्याचे! छंदिष्ट माणसाच्या सोबत फरफटत जाणाऱ्या माणसाचं इतकं नेमकं गाऱ्हाणं आम्हाला तरी दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळालं.

ह्याच अंकात पुढे एक छोटासा प्रसंग आहे. वाचताना तो सहज निसटून जातो. राजधानीहून निरोप येतो. राजमातेचा उपवास आहे, चौथ्या दिवशी पारणं आहे, मुलानं घरी यावं. राजा पेचात पडतो. इकडे ऋषींनी आश्रमाच्या रक्षणासाठी थांबायला सांगितलंय, आणि शकुंतलाही इथेच आहे. तिकडे आईची आज्ञा. मग तो काय करतो? विदूषकाला म्हणतो, आई तुलाही मुलासारखंच मानते, तू जा. आणि जाता जाता त्याला हेही सांगून ठेवतो, की शकुंतलेबद्दल मी बोललो ती थट्टा होती, खरं धरू नकोस. घरी बदली माणूस पाठवला, आणि घरापर्यंत खरं काही पोचू नये ह्याचीही व्यवस्था केली. पुढे शाप, अंगठी, विसर हे सगळं आपल्याला पाठ असतं. पण घराशी पहिली फारकत इथे, ह्या साध्या निरोपाच्या वेळी झालेली आहे. टीकाकार शापावर पानंच्या पानं लिहितात. आमच्या मते ह्या पारण्याच्या निरोपावरही एखादं पान खर्ची पडायला हवं.

रघुवंशाच्या नवव्या सर्गात कालिदास पुन्हा शिकारीकडे येतो. इथे दशरथ आहे. सर्गाच्या सुरुवातीला कवी सांगतो, की ह्या राजाला ना शिकारीनं ओढलं, ना जुगारानं, ना मद्यानं. आणि त्याच सर्गात पुढे वसंत येतो, मंत्र्यांची संमती मिळते, आणि राजा शिकारीला निघतो. सुरुवातीला तो भानावर आहे. एका हरणावर नेम धरतो, कानापर्यंत धनुष्य ओढतो, तेवढ्यात हरिणी मध्ये येऊन आपल्या अंगानं त्याला झाकते. राजा स्वतः प्रेमात पडलेला माणूस. त्याला ते कळतं, आणि तो बाण उतरवतो. इथपर्यंत घर त्याच्या मनात आहे. पण हळूहळू मृगया त्याला खेचून नेते. कवीनं तिला चतुर स्त्रीची उपमा दिलीय. लवाजमा मागे राहतो, राजा पालापाचोळ्यावर रात्र काढतो, आणि मग नदीवर घागर भरल्याचा आवाज येतो. हत्ती पाणी पितोय असं समजून तो बाण सोडतो. राजानं रानहत्ती मारू नये हा नियम त्याला माहीत होता, तरीही.

बाण लागतो श्रावणबाळाला. आंधळे आईबाप पाण्याची वाट बघत बसलेले असतात. बाप शाप देतो, की तूही म्हातारपणी पुत्रशोकानं मरशील. आणि निपुत्रिक दशरथ काय उत्तर देतो? ह्या शापात माझ्यावर कृपाच आहे, कारण मी अजून मुलाचं तोंड पाहिलेलं नाही! वणव्यानं जमीन जळते, पण त्यानंच ती पुढच्या पिकाला तयार होते, असा दृष्टांत तो देतो. समोर एक घर उद्ध्वस्त झालंय आणि शिकाऱ्याला त्यात आपल्या घरचा पाळणा दिसतो. कालिदास ह्यावर मल्लिनाथी करत नाही. वाचणाऱ्याला अस्वस्थ व्हायला तेवढं पुरेसं आहे.

वाल्मीकीनं हीच हकिगत वेगळ्या जागी ठेवलीय. रामायणात ती घडते त्या वेळी सांगितली जातच नाही. राम वनात गेल्यावर, दशरथाच्या शेवटच्या रात्री, तो स्वतः ती कौसल्येला सांगतो. तू तेव्हा लग्न होऊन आलीही नव्हतीस, मी तरुण होतो, नुसत्या आवाजावर बाण मारण्याचा मला गर्व होता, असं म्हणत. म्हणजे बघा, ही शिकाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली शिकारकथाच आहे. फक्त ऐकणारी मित्रमंडळी नाही. ऐकतेय बायको, जिचा मुलगा त्या बाणाच्या हिशोबात गेलाय.

आता कुणी म्हणेल, की घर मागे ठेवलं म्हणून हे झालं, घरच्यांना बरोबर नेलं असतं तर? महाभारतात पंडू नेमकं तेच करतो. कुंती आणि माद्री दोघींना घेऊन तो हिमालयाच्या उतारावर राहतो, शिकार करतो. आणि एका जोडप्यातल्या हरणावर बाण टाकतो. तो निघतो हरणाच्या रूपातला किंदम ऋषी. पंडू बाजू मांडतो, की राजे हरणं मारतातच, दडून मारतात, उघड मारतात. किंदमाचं उत्तर नीट ऐकण्यासारखं आहे. तू हरीण मारलंस म्हणून मी तुला दोष देत नाही, मी माझ्या जोडीदाराबरोबर होतो, तू थांबायला हवं होतंस, हा दोष आहे. शापही तसाच मिळतो. बायकोजवळ जाशील तेव्हा मरशील. पंडूनं आपलं घर सोबत नेलं होतं, पण बाणाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी घर आहे, हे त्याला दिसलं नाही.

ह्या सगळ्या कथांत आम्हाला एक समान गोष्ट दिसते. जुन्या कवींनी शिकारीचा हिशोब रानात केलेला नाही, घरी केलाय. बाण लागला तिथे त्यांची गोष्ट सुरू होते.

आधुनिक शिकारकथा नेमकी तिथे संपते. तिचा साचा आपल्याला माहीत आहे. खबर येते, गारा झालेला असतो, मचाण बांधलं जातं, हाकारे रान उठवतात, बार होतो, आणि शेवटी मेलेल्या वाघाच्या अंगावर पाय देऊन फोटो. ह्या साच्यात गुण आहेत, ते नाकारायचं कारण नाही. वाऱ्याची दिशा, माग, वानराचा खाकरा, भेकराचं भुंकणं, हे इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुठल्या वाङ्मयप्रकारात येतं? पण दोष हा, की लेखक घराचं दार लावून बाहेर पडतो आणि गोष्ट संपेपर्यंत ते दार पुन्हा उघडत नाही. हाका घालणारा माणूस जखमी झाला, तर एका वाक्यात. त्याच्या घरी काय झालं, ते नाहीच.

मग जिम कॉर्बेट आजही का टिकून आहे? ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली आलं. वरवर पाहिलं तर साचा हाच. पण कॉर्बेटची गोष्ट सुरू होते दुसऱ्यांच्या घरात. चंपावतची वाघीण, त्याच्या हिशोबाप्रमाणे ४३६ माणसं मारलेली. तो पाली गावात पोचतो तेव्हा लोक पाच दिवस दारं लावून आत बसलेले असतात. तिथे एक बाई असते. गवत कापताना तिच्यासमोर वाघिणीनं तिच्या बहिणीला उचललेलं, तेव्हापासून तिची वाचा गेलेली. वाघीण मारल्यावर कॉर्बेट परतीच्या वाटेवर कातडं घेऊन तिच्या दारात जातो, आणि तिला वाचा फुटते. गोष्ट बाराशी न संपता त्या दारात संपते, हा फरक आहे. शिवाय कॉर्बेटचा तो प्रसंग निव्वळ हौसेचा नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं. तो स्वतः अविवाहित होता, बहिणीबरोबर राहत असे. तरी त्याच्या पुस्तकांत घरं आहेत, आणि संसारी शिकाऱ्यांच्या पुष्कळ पुस्तकांत ती नाहीत!

इथे फासेपारध्यांची आठवण ठेवायला हवी. त्यांची शिकार ही करमणूक नव्हती, चूल होती. तितर, लावे, ससे फाशात धरायचे, अख्खं बिऱ्हाड बरोबर हिंडायचं. घर आणि शिकार अशी फाळणीच तिथे नव्हती. त्यांना १८७१ च्या कायद्याच्या परंपरेनं गुन्हेगार ठरवलं, आणि हौशी शिकाऱ्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लागल्या. १९७२ चा कायदा दोघांनाही सारखाच लागू झाला. पण एकाचा छंद गेला आणि दुसऱ्याची भाकरी गेली. शिकारकथेनं ह्या दुसऱ्या माणसाला बहुधा वाटाड्या म्हणूनच पाहिलं.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. शिकार आणि कुटुंब ह्यांचं सगळीकडे वैरच आहे असं नाही. स्वीडनमध्ये शरद ऋतूत मूस ह्या मोठ्या हरणाची शिकार होते. कायदेशीर, ठरवून दिलेल्या संख्येत. कुटुंबाच्या दोन-दोन पिढ्या एकत्र जातात, मांस वाटून घेतलं जातं, हिवाळाभर घरात शिजतं. तिथे रानातून घरी काहीतरी येतं. हिंसा बरी की वाईट हा वाद वेगळा, तो करावाच. पण आपल्या प्रश्नापुरतं पाहिलं तर त्या शिकारीत घराचा वाटा आहे.

मराठीत ह्या प्रश्नाला एक चांगलं उत्तर मिळालंय, असं आम्हाला वाटतं. व्यंकटेश माडगूळकर हे बंदूक वापरलेले लेखक. माग काढणं, दबा धरून बसणं, तासन्‌तास हलायचं नाही, हे शिकाऱ्याचं शिक्षण त्यांच्या लेखणीत उतरलं. पण ‘सत्तांतर’ उघडा. ह्या पुस्तकाला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात वानरांच्या टोळ्या आहेत, नर बदलतो तेव्हा माद्यांचं काय होतं, पोरांचं काय होतं, हे आहे. डोळा शिकाऱ्याचाच, पण तो आता जनावराच्या संसाराकडे पाहतोय. पंडूला जे दिसलं नाही, ते इथे दिसतं.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच आहे. छंदाची कुठलीही गोष्ट वाचताना, मग ती शिकारीची असो, गिर्यारोहणाची असो की पहाटे कॅमेरा घेऊन ताडोबाला निघणाऱ्याची असो, विचारून बघा, की घरून निरोप आला होता का? आणि आला असेल, तर कुणाला पाठवलं? लेखक हा प्रश्न टाळत असेल तर त्याचं वर्णन कितीही सुंदर असो, गोष्ट अर्धी आहे.

शाकुंतलाचा सातवा अंक आठवा. शिकारीला निघालेला तो राजा कितीतरी वर्षांनी एका आश्रमात येतो. समोर एक पोर सिंहाच्या छाव्याचं तोंड उघडून त्याचे दात मोजतंय. राजाच्या हातून आता बाण सुटत नाही. तो बघत उभा राहतो, आणि त्याला कळतं, की हा आपला मुलगा आहे. मधली सगळी वर्षं मात्र गेली ती गेली.

आता प्रश्न असतील तर घेऊ.