सोपे पुस्तक कशास म्हणावे?

पहिली-दुसरीतील मुलांसाठी निघालेली सचित्र पुस्तके अभिप्रायार्थ आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांतील पुष्कळांच्या प्रस्तावनेत एक वाक्य मोठ्या अभिमानाने लिहिलेले आढळते: या पुस्तकात जोडाक्षरे नाहीत. हे वाक्य दिसले की आम्ही सावध होतो.

रत्नागिरीच्याच मुलाचे उदाहरण घ्या. त्याच्या गावाच्या नावातच जोडाक्षर आहे. मांडवीवर उभा राहून तो जे पाहतो, त्यास तो समुद्र म्हणतो. घरची माणसे दर्या म्हणत असली तरी जोडाक्षर काही टळत नाही. मग जोडाक्षरास भिणारा ग्रंथकार काय करतो? तो ‘सागर’ लिहितो. आमच्या सहा वर्षांच्या नातीने असे एक पान खणखणीत वाचून दाखविले. अक्षर एकही चुकले नाही. वाचून झाल्यावर तिने चित्र निरखून पाहिले आणि विचारले, “आजोबा, पण ह्यात सागर कुठे आहे?” सागर नावाचा मुलगा तिच्या वर्गात आहे, चित्रात तर नुसते पाणीच होते! सूर्यास ‘रवी’ आणि मित्रास ‘सखा’ करणारे लेखक याच पंथाचे. हीच नात जोडाक्षरे शिकण्यापूर्वी एस. टी.च्या पाटीवरील ‘रत्नागिरी’ बिनचूक वाचीत असे, कारण तो शब्द तिच्या ओळखीचा होता.

अक्षरओळखीच्या पुस्तकाची अडचण आम्ही जाणतो. तेथे अक्षरे क्रमाने द्यावयाची असल्यामुळे शब्द बेतूनच घ्यावे लागतात. परंतु गोष्टीच्या पुस्तकाने ते जोखड आपण होऊन मानेवर का घ्यावे?

शब्द मोजून पुस्तकांच्या पायऱ्या पाडण्याची रीतही अलीकडे रूढ झाली आहे. 2004 साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने अशा चार पायऱ्या मानल्या आहेत, आणि 2015 पासून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून अनेक भाषांतील गोष्टी विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत. ज्या शाळेत पाठ्यपुस्तकापलीकडे छापील कागद जात नाही, तेथे हा उपकार लहान नव्हे. तथापि इंग्रजीत सोपी ठरलेली गोष्ट मराठीत येताना आपली पायरी सोबत आणतेच असे नाही. ‘झाडाखाली’ हा आमचा एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन चिमुकले शब्द होतात. मोजणीत मराठी वाक्य आखूड भरते, पण मुलाला मात्र काना, काना, काना, वेलांटी असा चढ एका दमात चढावा लागतो. भाषांतरकाराने शब्द मोजण्यापेक्षा वाक्य एकदा मोठ्याने म्हणून पाहावे.

मग सोपे पुस्तक कोणते? आमच्यापुढे श्रीमती माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ आहे. बालसाहित्यासाठी 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या लेखिका स्वतःच चित्रकार आहेत, आणि त्याचा लाभ पानोपानी दिसतो. घरात बोलली जाणारी मराठी येथे शाळेचे कपडे न घालता येते. जे चित्रात दिसते ते वाक्य पुन्हा सांगत बसत नाही. जे वाक्यात नाही ते मूल चित्रात शोधते, आणि शोधता शोधता पुन्हा वाक्याकडे येते. त्यांच्या ‘चित्रवाचना’त तर चित्र हेच वाचावयाचे असते. शेजारी शब्द व चित्र एकमेकांची नक्कल करणारी पुस्तके ठेवली, म्हणजे मूल ती एकदा वाचून पुन्हा हातात का घेत नाही, हे ध्यानात येते.

तरी एक तक्रार राहतेच. राधाचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे नव्हे. त्यात लेखिकेचा दोष मुळीच नाही. दोष आम्हां कोकणातल्या लिहिणाऱ्यांचा. आमच्या मुलांना धुराडे असलेली उतरत्या छपरांची परकी घरे चित्रांत पुष्कळ भेटतात. पडवी, मंगळुरी कौले, गड्यांनी ओढून काढलेली होडी क्वचितच भेटते. मांडवीचा समुद्र स्वतःच्या नावाने पहिलीच्या एखाद्या गोष्टीत आलेला अद्याप आमच्या पाहण्यात नाही. तसे पुस्तक निघाले, तर आम्ही ते आधी नातीच्या हाती देऊ आणि परीक्षण मागाहून लिहू.