अठरा अक्षरी सातारा

‘सातारा’ या शब्दात अक्षरे किती? अभंगाचे चरण मोजणारा वाचक तीन म्हणेल. युनिकोडच्या हिशेबाने सहा, कारण तिथे काना, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे. माझ्या जुन्या संगणकावरचे ऑक मात्र अठरा म्हणते. ‘सांगली’चेही तेच : तीन, सहा, अठरा.

ऑक ही आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांनी १९७७ साली बेल लॅब्जमध्ये घडवलेली, मजकुरावर ओळीओळीने काम करणारी छोटी संगणकभाषा. लिनक्सच्या डेबियन प्रणालीबरोबर तिची जी आवृत्ती येते ती बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. ही भाषा वापरणारा मराठीचा अभ्यासक मला अजून भेटलेला नाही. मी ती पुस्तकावरून चुकतमाकत शिकलो. त्यात आज्ञा देण्याच्या खिडकीत देवनागरी धड जुळत नाही. काना सुटा, पहिली वेलांटी उजवीकडे, जोडाक्षरे फुटलेली.

माझा विषय प्रतिसरकारच्या आठवणींचा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मग वाळवा, शिराळा, तासगावकडची माणसे आठवणी सांगताना कोणते नाव घेतात? टंकलिखित करून घेतलेल्या मजकुरात मी दोन्ही नावे मोजली. सांगली बरीच पुढे निघाली. नव्या जिल्ह्याने जुनी ओळख पुसली, असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला.

तो चुकीचा होता. प्रत्यय लागला की ‘सातारा’चे ‘साताऱ्या’ होते. हा ‘ऱ्या’ संगणकात दोन रीतींनी साठवता येतो : ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. छापल्यावर दोन्ही सारखेच. दोन टंकलेखकांनी दोन रीती वापरल्या होत्या आणि मी एकच शोधली होती. ‘सांगली’ला ही अडचण नाही, प्रत्ययापूर्वी तो शब्द जसाच्या तसा राहतो. फेरमोजणीत सातारा पुढे गेला.

अक्षरे सुबक जुळवणाऱ्या प्रणालीत हा फरक मला कधीच दिसला नसता. त्या फुटक्या खिडकीत तो उघडा पडला : एका ओळीत खाली टिंब असलेला ‘ऱ’, दुसरीत साधा ‘र’.

अमुक शब्द इतक्या वेळा आला, अशी विधाने आता आपल्या समीक्षेत येऊ लागली आहेत. आकडा छापला जातो, मोजण्याची रीत छापली जात नाही. पोथीची संहिता आपण पाठभेदांशिवाय स्वीकारत नाही. संगणकातल्या पाठभेदांना ही सूट कशासाठी?

चरणातली अक्षरे मोजण्याची माझी रीत म्हणून इथेच देतो. व्यंजने आणि सुटे स्वर मोजावेत, त्यातून पाय मोडल्याच्या खुणा वजा कराव्यात. ‘साताऱ्याला’ : पाच वजा एक, चार. ‘ऱ्या’ कसाही साठवलेला असो, उत्तर बदलत नाही. कोणाला यात चूक सापडली तर जरूर कळवावी.