पेटीतले फोटो आणि आपली समीक्षा

दलित आत्मकथनांतली भूक आपल्या समीक्षेने वाचली, शिवी वाचली, बोली वाचली. पण ज्या घरांतून ही आत्मकथने आली, त्या घरांतल्या पत्र्याच्या पेटीत टी.सी. आणि जातीच्या दाखल्याखाली जपलेले दोन-चार फोटो तिने साहित्याबाहेरचे मानले. (सातबारा नव्हताच, म्हणून पेटीत जागा होती!) एका चर्चासत्रात एक प्राध्यापक मला म्हणाले, "ते स्टुडिओतले फोटो खोटे असतात. मागे रंगवलेला पडदा, अंगात उसना कोट, मनगटावर दुसऱ्याचे घड्याळ. यात दलितांचे वास्तव कुठे आहे?"

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आमच्या लेखनाकडून सतत जखमच मागणाऱ्या समीक्षेचाच तो प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे.

त्यांना हवे असलेले 'वास्तव' फार पूर्वीच टिपले गेले आहे. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतांतील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतांना जोडलेले होते. आमचा यवतमाळ जिल्हाही त्याच कारभारात होता. त्या ग्रंथात दळण दळणाऱ्या गोंड बायांचा फोटो आहे. दुसरा एक फोटो गोंड बायांच्या पायांच्या मागच्या बाजूचे गोंदण दाखवण्यासाठी घेतलेला आहे. खाली जमातीचे नाव छापले आहे, बाईचे नाही. हा फोटो तिच्या नातवंडांसाठी काढलेलाच नव्हता. तो साहेबाच्या टेबलासाठी होता.

याच्याशेजारी १९३४ सालचा राजगृहातला फोटो ठेवून पाहा. बाबासाहेब, रमाई, यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा कुत्रा. इथे कुत्र्याचेही नाव इतिहासाला ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. हा फोटो आज असंख्य घरांत आहे आणि तो तिथे पुढाऱ्याचा फोटो म्हणून लागलेला नाही. ज्यांच्या स्वतःच्या आजोबा-पणजोबांचा एकही फोटो उरला नाही, त्यांनी तो आपल्या कुटुंबाचा फोटो म्हणून भिंतीवर लावला. आमच्या घरीही तसेच होते.

आता स्टुडिओच्या 'खोटेपणा'कडे येऊ. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, तालुक्याच्या बाजारात काढलेला. ती ताठ उभी आहे, हात कुठे ठेवावेत हे तिला समजत नाही. लुगडे घोट्यापर्यंत खाली सोडलेले, हातात चांदीचे जाड दागिने नाहीत. प्राध्यापक महाशय याला नटणे म्हणतील. पण २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, ते माहीत असणाऱ्याला हे लुगडे वाचता येते. जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची रीत सोडा, गळ्या-हातातले ते जड दागिने टाका, असे त्यांनी सांगितले होते. आजी महाडला गेली नव्हती. तिचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. तरी ते भाषण बायांच्या तोंडून वऱ्हाडातल्या तिच्या वस्तीपर्यंत पोहोचले असले पाहिजे, असे मला तिच्या पायघोळ काठाकडे पाहून वाटते. गावात जे घालून फिरता येत नव्हते ते स्टुडिओच्या चार भिंतींत घालता आले, तर खोटे कोण? कोट की गाव?

हा कोट अजून संपलेला नाही. शेतकरी-आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. वर्तमानपत्रांत एक ठरावीक फोटो येत राहिला: उंबऱ्यात बसलेली विधवा, हातात नवऱ्याची तसबीर. वार्ताहराचा सगळा भर तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर. त्या तसबिरीत पुष्कळदा मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला चेहरा असतो आणि त्याला स्टुडिओवाल्याने संगणकावर सूट-टाय चढवलेला असतो. त्या माणसाने जन्मात कधी टाय बांधला नसेल. सरकारसाठी काढलेला चेहरा त्याच्या माणसांनी परत घेतला आणि आपल्या मनासारखा सजवला, ही गोष्ट मात्र बातमीत येत नाही.

मी वर्गात विद्यार्थ्यांना घरचा एकेक जुना फोटो आणायला सांगितला. पुरुषांची नावे बहुतेकांना माहीत होती. बाया मात्र 'कुणाची तरी बायको' निघाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक बायांच्या दारात जाऊन, त्यांना बोलते करून उभे केले. तेच काम फोटोंच्या पाठीवर शिल्लक आहे, आणि ज्यांना नावे ठाऊक आहेत ती म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. जुन्या कागदी फोटोच्या मागे हलक्या हाताने शिसपेन्सिलीने लिहावे. रंगीत गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळी चिठ्ठी जोडावी. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओरबाडून काढू नयेत. मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत म्हणणाऱ्यांनी त्यांतले दहा तरी छापून घ्यावेत. मोबाईल बिघडला की आजीही त्याच्याबरोबर जाते.

वर्गातल्या एका फोटोत चार बाया बुद्धविहारासमोर उभ्या आहेत. तिघींची नावे लागली. चौथीचे नाव विचारायला ती विद्यार्थिनी येत्या रविवारी आर्णीला, आजीच्या बहिणीकडे जाणार आहे.