काळ्या रंगाची काच

नव्या टाटा सिएराच्या बाजूला उभं राहून मागच्या खिडकीवरून नजर वर नेली की एक गोष्ट खटकते, आणि एकदा खटकली की डोळ्यांतून जात नाही. १९९१च्या सिएराची मागची काच छतापाशी आत वळलेली होती. एकसंध, न उघडणारी, खरी काच. त्या गाडीला मागचे दरवाजेच नव्हते. मागे बसणाऱ्याला उजेड मिळायचा तो त्या काचेतून, आणि मे महिन्यात तो भाजून निघायचा तोही तिच्यापायीच. त्या काचेला कारण होतं आणि तिची किंमतही मोजावी लागत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या सिएराला मागचे दरवाजे आहेत, त्यांच्या काचा खाली-वर होतात, आणि जिथे जुनी काच वळत होती तिथे चकचकीत काळं पॅनेल आहे. लांबून काचेचा भास व्हावा, एवढंच त्याचं काम.

गाडी म्हणून नवी सिएरा जुनीपेक्षा कितीतरी सोयीची आहे, यात वाद नाही. माझं भांडण त्या काळ्या पॅनेलशी आहे. गेल्या तीसेक वर्षांतल्या रेट्रो डिझाइनची सगळी दुखणी त्या हातभर जागेत एकवटली आहेत.

१९८७ ते १९९१च्या दरम्यान निसानने बी-१, पाओ आणि फिगारो या गाड्या काढल्या, तेव्हा रेट्रोच्या खेळात एक सभ्यता होती. फिगारो कुठल्याही एका जुन्या गाडीची नक्कल नव्हती. एका काळाची चाहूल तिच्यात होती, बस. वीस हजारच बनल्या, त्याही सोडत काढून विकल्या. फोक्सवॅगनच्या न्यू बीटलने १९९७ मध्ये ती सभ्यता संपवली. जुन्या बीटलचं इंजिन मागे होतं आणि हवेने थंड व्हायचं, म्हणून पुढे जाळी नव्हती आणि नाक उतरतं होतं. न्यू बीटलच्या पोटात गोल्फ होती: इंजिन पुढे, रेडिएटर पुढे. तरीही घुमट तोच हवा. मग पुढची काच इतकी पुढे गेली की डॅशबोर्डच्या टोकाला हात पुरेना, आणि मागे बसणाऱ्या उंच माणसाचं डोकं छताला टेकू लागलं. डॅशबोर्डवर एक छोटी फुलदाणी मात्र आवर्जून दिलेली होती. जुन्या बीटलमध्ये हौशी लोक अशी फुलदाणी वेगळी विकत घेऊन लावायचे. इथे ती कारखान्यातूनच आली. हौससुद्धा कंपनीनेच करून दिली.

क्रायस्लरची पीटी क्रूझर, शेव्हरोलेची एचएचआर आणि २००२ची फोर्ड थंडरबर्ड यांवर शाई खर्च करण्याचं कारण नाही. मस्टँग, चॅलेंजर आणि कॅमॅरो यांच्या पुनर्जन्मात डिझाइनपेक्षा इंजिनाचा आवाज मोठा. सिंगर या कंपनीने नव्याने घडवलेल्या पोर्शा ९११ कारागिरी म्हणून थक्क करतात, पण ते चैनीचं शिल्प आहे. आणि जॅग्वारने १९६०च्या दशकात न वापरलेल्या सहा चासी-क्रमांकांवर २०१४ नंतर नव्या ई-टाइप उभ्या केल्या, तो तर मला सरळ दस्तऐवजातला फेरफार वाटतो.

मिनीपाशी मात्र थांबायला हवं, कारण तिथे नुकसान सर्वांत मोठं आहे. १९५६च्या सुएझ संकटाने ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि अ‍ॅलेक इसिगोनिस यांना लहानात लहान पण चार माणसांची गाडी बनवायला सांगितलं गेलं. त्यांनी इंजिन आडवं ठेवलं, गिअरबॉक्स इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत घातला, चाकं १० इंचांची केली आणि गाडीच्या चार कोपऱ्यांत ढकलली. १९५९ मध्ये जी गाडी बाहेर पडली ती जेमतेम ३ मीटर लांब होती आणि तिच्या जमिनीवरची बहुतेक जागा माणसांना आणि सामानाला मिळत होती. मिनीचा तो सुप्रसिद्ध चेहरा कोणी सुंदर दिसावा म्हणून रेखाटलेला नव्हता. गोल दिवे त्या काळात स्वस्त आणि सहज मिळणारे होते. बाहेर आलेल्या शिवणी होत्या, कारण पत्रे तसे जोडणं सोपं होतं. त्या गाडीचं रूप म्हणजे तिचा हिशोब होता. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये रूप घेतलं आणि हिशोब टाकून दिला. आज मिनी कंट्रीमन या नावाने विकली जाणारी गाडी ४.४ मीटरच्या पुढे गेली आहे. आपली फियाट, म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, कॅरिअरवर ट्रंका लादून पाच-सहा माणसं घेऊन दादरहून निघायची. ती ४ मीटरच्या आत होती.

यावर उत्तर ठरलेलं असतं: सुरक्षेचे नियम बदलले, माणसांच्या गरजा बदलल्या, कोणी जुनी गाडी जशीच्या तशी काढणार कशी? काढूच नये, हेच तर म्हणणं आहे. आजच्या नियमांतून, आजच्या बॅटरीतून, आजच्या गर्दीतून जो आकार निघेल तो काढावा. इसिगोनिस यांच्याकडून शिकायचं तर काटकसर शिकावी, दिव्यांची गोलाई नव्हे. २०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने काऊंटॅशचं नाव घेऊन नवी गाडी काढली, ११२ नग, आणि मूळ काऊंटॅशचे रचनाकार मार्चेल्लो गांदिनी यांनी जाहीरपणे सांगितलं की या गाडीशी आपला संबंध नाही. भूतकाळातलं मॉडेल पुन्हा काढणं त्यांच्या कामाच्या मुळाशीच विसंगत होतं. १९७१च्या जिनिव्हा प्रदर्शनात ज्या माणसाने सगळ्या जगाला अवाक केलं, त्याची सगळी मिजास पुढे पाहण्यात होती. २०२४ मध्ये ते गेले. त्यांना आदरांजली वाहणाऱ्यांनी आधी त्यांचा तो नकार समजून घ्यायला हवा होता.

अपवाद आहेत. २०२४च्या विजेवरच्या रेनॉ ५ मध्ये, १९७२च्या गाडीच्या बॉनेटवर जिथे हवेची जाळी होती, तिथे आता बॅटरी किती भरली ते दाखवणारा दिवा आहे. जुनी खूण निदान काहीतरी काम करते. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मागेही १९७५ची पोनी आहे, पण तिला ओळखायला पोनी आठवावी लागत नाही, आणि म्हणूनच ती चांगली आहे.

खरी उभारी मला दिली ती एका वेगळ्याच घटनेने. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच स्पर्धेत १९३४ची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्कृष्ट ठरली. १९५० पासून चालत आलेल्या या स्पर्धेत नव्याने न रंगवलेली, न उजळलेली, जशी राहिली तशी जपलेली गाडी पहिल्यांदाच अव्वल आली. ही रेसची गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली; त्यांच्या काळातला काळा रंग आणि पिवळा पट्टा अजून तिच्यावर आहे. वर्षानुवर्षं पेबल बीचवर जिंकायच्या त्या कारखान्यातून निघतानाही कधी नव्हत्या इतक्या चकचकीत केलेल्या गाड्या. त्या दिवशी परीक्षकांनी जुनेपणाला पहिल्यांदा पहिला क्रमांक दिला. मागच्या पन्नास वर्षांत अभिरुचीत झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे असं मी मानतो, आणि तो आपल्याकडे अजून पोचलेला नाही.

आपल्या विंटेज गाड्यांच्या रॅलींमध्ये काय दिसतं? मेटॅलिक रंग लावलेली १९३०च्या दशकातली ब्यूक. रेक्झिन असायचं तिथे कातडं. मुळात रंगवलेले भाग क्रोममध्ये बुडवून काढलेले. संस्थानिकांच्या गाड्यांचं तर विचारूच नका. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी निवडलेल्या ड्युसेनबर्ग आणि बुगाटी म्हणजे त्या काळातल्या जगातल्या सर्वांत धीट अभिरुचीचा पुरावा. पण आपल्या हौशी मंडळींना त्यांच्यातली दौलत दिसते, नजर दिसत नाही. आता तरुण पिढी मारुती ८००, काँटेसा आणि पहिल्या झेनकडे वळली आहे. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणाची गाडी शोधते, हे ठीकच. पण शोधून सापडली की पहिलं काम काय, तर अलॉय व्हील आणि एलईडी दिवे.

पद्मिनी जवळून पाहा. टॅक्सी म्हणून चाललेली, कोणी हात न लावलेली एखादी मिळाली तर. ड्रायव्हरच्या खिडकीच्या कडेवर कोपर टेकून टेकून रंग उडालेला असतो आणि खालचा पत्रा गुळगुळीत झालेला असतो. हँडलच्या गिअरची मूठ तळहाताने झिजलेली. दरवाजाच्या कडेला टवका उडाला असेल तर तिथे रंगाचे थर मोजता येतात: पासिंगच्या आधी दिलेला एकेक हात, काळ्यावर काळा, पिवळ्यावर पिवळा. एका कुटुंबाच्या पोटापाण्याची इतकी वर्षं त्या टवक्यात वाचता येतात. आणि मागे ते छोटे पंख. अमेरिकन डिझाइनर हार्ली अर्ल यांच्या हाताखाली १९४८च्या कॅडिलॅकवर ते आले, लढाऊ विमान पाहून. तिथून तुरीनला फियाटकडे, आणि १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये. डेट्रॉइटने ते काही वर्षांत टाकूनही दिले. कुर्ल्यात ते शतक संपेपर्यंत ठोकले जात होते. गाड्यांच्या शैलीचा जागतिक इतिहास मुंबईत कुठे दिसत असेल तर तो या टॅक्सीच्या मागच्या टोकाला.

त्या टॅक्सीचं काय झालं? मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या आठवड्यात सगळ्यांनी फोटो टाकले. तिची चित्रं मगांवर आणि टी-शर्टांवर अजून विकली जातात. गाड्या भंगारात गेल्या.

आता कायदा पाहा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो. मूळ रूपाचा आग्रह धरणारा हा नियम चांगलाच आहे. पण टॅक्सीचं आयुष्य विसाव्या वर्षी संपतं आणि विंटेजचं पन्नासाव्या वर्षी सुरू होतं. मधली तीस वर्षं गाडी कुठे उभी राहणार? ज्याच्याकडे गॅरेज आहे त्याच्याकडे. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. गॅरेजवाल्याला तीही जड नाही. याचा परिणाम उघड आहे. रोल्स-रॉइस टिकतील, मर्सिडीज टिकतील. टॅक्सी, टेम्पो, सहा आसनी रिक्षा, शाळेच्या मॅटडोर टिकणार नाहीत. आणि मग कधीतरी एखादी कंपनी पद्मिनीचे पंख प्लॅस्टिकमध्ये काढून एखाद्या विजेच्या एसयूव्हीला लावेल, आणि आपण गहिवरू. ताडून पाहायला मूळ गाडी उरलेली नसेल.

म्हणून रेट्रो ही निरुपद्रवी हौस आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आठवणीची भूक ती भागवते, आणि भूक भागली की मूळ वस्तू जपण्याची निकड जाते. मुंबईला हे कळत नाही असं नाही. बेस्टने आणिक आगारात आपल्या जुन्या बस-ट्रामचं संग्रहालय ठेवलंच आहे. टॅक्सीलाही तसंच करता येईल. मुदत संपलेल्या व्यावसायिक वाहनांपैकी प्रत्येक जातीची काही वाहनं भंगारातून वगळण्याचा अधिकार आरटीओला द्यावा, मधल्या तीस वर्षांसाठी कर आणि फेरनोंदणी माफ करावी, आणि अट एकच घालावी: रंगाचा नवा हात द्यायचा नाही. शेवटच्या पद्मिनीच्या वयाच्या गाड्यांना विंटेज ठरायला २०५३ उजाडणार आहे. त्यांच्यातल्या किती पत्रे कापणाऱ्यांकडे गेल्या आणि किती एखाद्या चाळीच्या मागे अजून उभ्या आहेत, ही मोजदाद आजच सुरू व्हायला हवी.