घटस्फोट, पोटगी आणि फारकत : काही शब्दांचा अर्थव्यवहार

विवाहसंबंध तुटल्याचे सांगणारे शब्द मराठीत थोडे नाहीत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत आणि घटस्फोट हे चारही बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. तथापि संसार मोडताना घर कोणाचे, दागिने कोणाचे, कर्ज कोणी फेडावयाचे, असे जे प्रश्न उभे राहतात त्यांच्या कसोटीवर हे शब्द घासून पाहिले असता ते समानार्थी ठरत नाहीत.

यांपैकी शिष्टसंमत झालेला शब्द घटस्फोट. धर्मशास्त्रात हे नाव पतिताला बहिष्कृत करण्याच्या विधीचे आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्या विधीचे वर्णन येते : पतित जिवंत असतानाच सपिंड त्याला उदक देतात, दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडते, आणि मग त्याच्याशी संभाषण व सहवास यांबरोबर दायाचा भाग देणेही थांबते. म्हणजे वाट्यास मुकविणे हे या विधीचे एक अंगच होय. मुंबई प्रांताचा १९४७ चा आणि सर्व देशाचा १९५५ चा कायदा आल्यावर पांढरपेशा समाजाने जवळ केला तो हाच शब्द. काडीमोड मात्र त्याला ग्राम्य वाटला. वस्तुतः जेथे काडीमोडीची रूढी होती तेथे स्त्रीला विच्छेदाची वाट आधीपासून मोकळी होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने ती रूढी राखलीही आहे.

पोटगी हा शब्द याहून अधिक परिणामकारक ठरला. त्यात पोट आहे. वाटा नाही, श्रम नाहीत. कायद्याचे वर्तनही दीर्घकाळ या शब्दास साजेसेच होते. १९५५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा १९७३ ची नवी संहिता आली तरी हलली नाही. केंद्रीय कायद्यातून ती गेली २००१ साली. नोव्हेंबर २०२० मध्ये, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने उभय पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरविले. पोटाच्या प्रश्नात हिशेब शिरला, तो इतक्या उशिरा.

परंतु हिशेब मांडला गेला तरी वाटणी होत नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ विवाहप्रसंगी अथवा त्या सुमारास भेट मिळालेल्या, उभयतांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंपुरतेच बोलते. स्त्रीधन पत्नीचेच, ते पतीजवळ केवळ विश्वासाने असते, हे १९८५ च्या निवाड्याने स्पष्ट झाले. मात्र वीस वर्षे पतीच्या पगारातून हप्ते फेडून त्याच्या एकट्याच्या नावे झालेल्या घरात, त्याच काळात घर चालविणाऱ्या पत्नीचा मालक म्हणून वाटा किती, यावर ते कलम मौन पाळते. गोव्यात तसे नाही. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता पतिपत्नींची समाईक होते आणि विच्छेदानंतर प्रत्येकाकडे निम्मी जाते. (तिचा कारभार संसार चालू असेपर्यंत त्या संहितेने पतीच्या हाती ठेवला आहे, हे तिच्या प्रशंसकांनी नजरेआड करू नये.)

अशा वाटणीला जवळ जाणारा शब्द मराठीत आहे, आणि तो फारकत. हा मुळात अरबी-फारसी दप्तरातला. देणेघेणे पुरे होऊन मुक्तता झाल्याचा लेख, असा त्याचा अर्थ. वाटण्या होऊन वेगळे निघालेल्या भावांतही फारकत होते. हिशेब चुकता झाल्यावाचून फारकत लिहून होत नसे. विवाहाच्या संदर्भात हा शब्द आला तेव्हा त्यातील विलगता तेवढी उरली आणि हिशेब गळला. तो कसा गळला, याचा शोध जुन्या फारकतपत्रांतूनच घ्यावा लागेल. त्यांत दागिने, भांडी व देणे यांच्या नोंदी कोठे येतात आणि कोठे येत नाहीत, हे पाहणे त्यासाठी आवश्यक आहे.